घरची मंडळी

उस्ता सिदकींना जगात दोन गोष्टींची भीती वाटायची. एक कात्र्यांना धार लावणाऱ्याची, कारण तो दरवेळी चांगली कात्री बिघडवून परत द्यायचा. दुसरी माइकची. पहिल्या भीतीवर त्यांनी स्वतःच धार लावायला शिकून इलाज केला. दुसरीवर मात्र इलाज सापडला नव्हता, आणि ती काही उगाच आलेली नव्हती. मुलाच्या, म्हणजे हाझिमच्या लग्नात कुणा उत्साही माणसानं त्यांच्या हातात माइक कोंबला आणि नवऱ्यामुलाचे वडील आता दोन शब्द बोलतील असं जाहीर करून टाकलं. उस्ता ‘अस्सलामु अलैकुम’ म्हणाले आणि तिथंच त्यांची बोबडी वळली. पुढं बराच वेळ सगळ्या मांडवाला नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता. शेवटी त्यांनी माइक शेजारच्या माणसाकडे दिला आणि सरबताचा पेला तोंडाला लावून ते उभे राहिले.

दुर्दैवानं तो शेजारचा माणूस फरगली होता. फरगलीचं दुकान उस्तांच्या दुकानासमोर, गल्ली ओलांडली की आलंच. लहानपणापासूनचा सोबती आणि लहानपणापासूनची डोकेदुखी. त्या दिवसापासून गिऱ्हाईक असो नाहीतर चहावाला, फरगली हात पसरून सांगायचा, “आमच्या उस्तांचं भाषण ऐकलं नाहीत तुम्ही? वल्लाह, अख्ख्या कैरोत तसं भाषण झालं नसेल. सलाम केला, सरबत प्यायले, संपलं!” लोक हसायचे. उस्तासुद्धा हसायचे, आणि हसता हसता सुई बोटात शिरायची.

अशा माणसाला रदवाचा फोन आला. रदवा तिशीच्या आतली मुलगी, हातानं काम करणाऱ्यांच्या मुलाखती घ्यायची. तिचा पॉडकास्ट आखातात नोकरीला गेलेली पोरंसुद्धा ऐकायची. कुणाच्या तरी दिवाणखान्यात तिनं उस्तांच्या हातचा पक्ष्यांचा पडदा पाहिला होता आणि तेव्हापासून तिला चैन पडत नव्हती.

“काका, मी माइक घेऊन तुमच्या दुकानातच येते,” ती म्हणाली. “तयारी काही नको. घरी बोलता ना, तसं बोलायचं.”

भिडेखातर उस्ता हो म्हणाले. फोन ठेवला आणि लगेच पस्तावले.

तंबूवाल्यांच्या गल्लीतलं काम मुळात गप्प बसून करायचं. तंबूंच्या नि पडद्यांच्या जाड कापडावर रंगीत तुकडे बेतायचे, कडा सुईच्या टोकानं आत दुमडायच्या, टाका दिसणार नाही असा घालायचा. मांडी घातलेली, मान खाली. बडबड करायला गिऱ्हाइकं असतात. एवढी वर्षं त्यात घालवून उस्ता, म्हणजे उस्ताद कारागीर, झाल्यावर त्यांची खात्रीच पटली होती की अल्लानं आपल्याला हात दिले तेव्हा जीभ द्यायची राहून गेली.

संध्याकाळी घरी येऊन त्यांनी पायताणं काढता काढताच जाहीर केलं, “मी तिला कळवणार आहे, तब्येत बरी नाही म्हणून.”

बायको भात भरण्यासाठी वांगी कोरत बसली होती. “तब्येतीला काय झालंय?”

“तोवर होईल काहीतरी.”

“होईल तेव्हा बघू. आधी सांगा, काय विचारणार आहे ती?”

ती बाई म्हणजे उम्म हाझिम, हाझिमची आई. सगळी गल्ली तिला याच नावानं ओळखायची. नवराही घरात तेच म्हणायचा, आणि चार लोकांत तिच्याबद्दल बोलायची वेळ आलीच तर ‘घरची मंडळी’ म्हणायचा. मंडळींनी जेवण पाठवलंय. मंडळींना बरं नाही. एकटी बाई, पण गल्लीत तिचा उल्लेख कायम असा घोळक्यानं व्हायचा. तिचं नाव वदीदा होतं. निकाह लावणाऱ्यानं ते एकदा मोठ्यानं वाचलं होतं, त्यानंतर त्या नावानं घराचा उंबरा ओलांडला नव्हता.

यात उस्ता जगावेगळे होते असं नाही. त्या गल्लीत बाईचं नाव ही आतल्या खोलीतली गोष्ट. पोरं भांडताना एकमेकांना शिव्या देत नसत, एकमेकांच्या आईचं नाव शोधून काढत. उस्ता लहान असताना फरगलीनं त्यांच्या आईचं नाव कुठूनतरी मिळवलं आणि चाल लावून गल्लीभर गात फिरला. सिदकीनं त्याचा पुढचा दात पाडला. घरी आल्यावर वडिलांनी सिदकीला झोडपलं, पण दातासाठी नव्हे. “नाव गल्लीत गेलंच कसं?” एवढंच ते पुन्हा पुन्हा विचारत होते. तो मार उस्तांच्या अंगात कुठंतरी अजून मुरलेला होता.

तर वदीदानं वांगी बाजूला सारली आणि मुलाखतीचा विषय हातात घेतला. हाती घेतलेलं काम ती अर्धवट सोडत नसे. पुढचे काही दिवस रदवाचे सगळे जुने भाग तिनं स्वयंपाक करता करता ऐकले. तांब्याची भांडी घडवणारा, घोड्यांची खोगिरं शिवणारा, मशिदीचे दिवे दुरुस्त करणारा, एकेकाचं सगळं ऐकलं. मग एका संध्याकाळी नवऱ्याला समोर बसवलं.

“पोरगी हुशार आहे,” ती म्हणाली. “आधी हसवते. माणूस सैल पडला की मग मधेच गप्प बसते. पाहुण्याला वाटतं, आपलं काहीतरी चुकलं, आणि तो घाबरून भलतंच बरळतो. तो खोगीरवाला बिचारा भावाशी असलेलं भांडण सांगून बसला. तिथंच फसतात सगळे.”

“बघ! आणि ती म्हणते तयारी नको.”

“रोज पोहणारा म्हणणारच, पाण्यात नुसतं पडा म्हणून. बुडणाऱ्याला विचारा.” तिनं लाकडी डाव उचलला, हाझिमचा जुना चष्मा नाकावर चढवला आणि रदवासारखा आवाज काढला. “बोला काका, या धंद्यात कसे आलात?”

उस्तांनी घसा खाकरला. “आमचे आजोबा, अल्ला त्यांच्यावर रहमत करो, हे सुलतानाच्या काळात...”

“थांबा. आजोबांपासून निघालात तर तुमच्यापर्यंत पोचेस्तोवर लोक झोपतील. दुकानाच्या वासापासून सुरू करा.”

“वास कसला?”

“खळीचा, नव्या कापडाचा, शेजारी शिजणाऱ्या घेवड्याच्या उसळीचा. लहानपणी तुम्ही पहिल्यांदा दुकानात गेलात तेव्हा काय वास आला? मला सांगितलंय तुम्ही. लग्नाच्या पहिल्या महिन्यात सांगितलंय.”

उस्तांना आठवेना, तिला आठवत होतं.

रोज संध्याकाळची नमाज झाली की हा खेळ सुरू व्हायचा. पहिले काही दिवस उस्ता डावाकडे बघून घामेघूम व्हायचे. तो नुसता डाव आहे, त्याला पातळ पालेभाजी लागलेली आहे, हे दिसत असूनही जीभ टाळ्याला चिकटायची. मग वदीदाच्याच लक्षात आलं. हातात काम असलं की हाच माणूस तिला तास न् तास ऐकवायचा, अमुक गिऱ्हाईक कसं कंजूष, तमुक रंग कसा उन्हात उडतो. हात रिकामे असले की मात्र कुठं ठेवायचे तेच त्याला कळायचं नाही, आणि लक्ष सगळं त्या हातांत जायचं. तिनं त्यांच्या मांडीवर कापड टाकलं, बोटात अंगुस्तान घातलं.

“शिवा. आणि शिवता शिवता बोला.”

काय सांगावं! उस्ता बोलायला लागले. टाका घालायचा, वाक्य बोलायचं, दोरा ओढायचा, पुढचं वाक्य. चुकलं तर टाका उसवावा तसं मागं जाऊन पुन्हा सांगायचं. तिनं त्यांना शिकवलं की उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणावं, माणसाची लाज जात नाही. विनोद सांगून स्वतः आधी हसू नये. आणि रदवा गप्प बसली तर घाबरू नये. “खरं सांगायचं असेल तर तेव्हाच सांगा. नसेल तर पाण्याचा घोट घ्या. तुम्ही पाणी पिताय तोवर तीच कंटाळून पुढचा प्रश्न विचारेल.”

सगळं जमत गेलं. एका प्रश्नाशी मात्र घोडं पेंड खात होतं.

“काका, हे पक्षी कुणी काढले?” डाव पुढं करून ती विचारायची.

आता ते पक्षी वदीदाचे होते. कागदावर पेन्सिलनं ती काढायची, रेषांवरून सुईनं बारीक भोकं पाडायची. उस्ता तो कागद कापडावर पसरून वरून कोळशाची पूड फिरवायचे की नमुना खाली उतरायचा. झाडाच्या फांद्यांवर जोडीजोडीनं बसलेले, माना वळवून एकमेकांकडे बघणारे पक्षी. सगळ्या गल्लीत त्यांची नक्कल व्हायची, तरी तशी मान कुणाला वळवता येत नसे. लोक त्यांना ‘सिदकीचे पक्षी’ म्हणायचे.

“घरचंच काम आहे,” उस्ता उत्तर द्यायचे. “घरची मंडळी मदत करते.”

“मंडळींना नाव असेल ना काही?”

“तुला माहीत नाही होय?”

“मला कसं माहीत असणार? मी रदवा. मी परक्या मोहल्ल्यातून आलेय.”

उस्ता हसून सोडून द्यायचे. तीही हसायची, पण दुसऱ्या दिवशी तो प्रश्न पुन्हा यायचा. एकदा तिनं चष्मा काढून डाव खाली ठेवला आणि आपल्या आवाजात म्हणाली, “ते पक्षी खरं म्हणजे माझ्या आईचे आहेत. ती उशांवर काढायची. मी लहान होते ती गेली तेव्हा, तोंडसुद्धा धड आठवत नाही. तिच्या उशीवरचे पक्षी तेवढे आठवतात. हेपण सांगा हवं तर.”

“एवढं सगळं कोण ऐकत बसणार आहे?” उस्ता दोरा ओवत म्हणाले. त्यांचं लक्ष सुईच्या नाकात होतं.

तिनं पुन्हा चष्मा लावला.

मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी उस्ता रंगात आले होते. सगळे प्रश्न झाले, एकही टाका चुकला नाही. पक्ष्यांचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी मान वर न करता, अगदी सहज म्हटलं, “माझ्या बायकोनं. तिचं नाव वदीदा.”

मग ती उठली, चुलीवर काहीच नव्हतं तरी चुलीकडे गेली आणि पाठमोरी उभी राहिली. “उद्या ती पांढरी पायघोळ गलाबिया घाला,” ती तिकडूनच म्हणाली. “माइकला दिसत नाही, पण तुम्हाला बरं वाटेल.” उस्तांना कळलं, आपण तयार आहोत.

दुसऱ्या दिवशी रदवा आली. तिनं उस्तांच्या कॉलरला बारकासा माइक लावला, कानाला हेडफोन लावले आणि उस्तांनी मांडीवर कापड ओढलं. मग त्यांनी दुकानाच्या वासापासून सुरुवात केली.

ते इतकं सुंदर बोलले की मध्येच त्यांना स्वतःचाच आवाज ऐकावासा वाटायला लागला. रदवा हसली. कात्रीला धार लावणाऱ्याचा किस्सा ऐकून तर तिला हेडफोन काढावे लागले. गल्लीतले लोक एकेक करून दारात गोळा झाले. चहावाला थांबला. फरगली चहाचा ग्लास घेऊन चौकटीला टेकून उभा राहिला आणि पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर हसू नव्हतं. उस्तांनी ते पाहिलं. लग्नातल्या त्या माइकचं सगळं उट्टं निघत होतं.

“आणि काका, हे पक्षी?” रदवानं भिंतीवरच्या पडद्याकडे बोट केलं. “हे कुणी काढले?”

उस्तांची सुई थांबली. उत्तर तयार होतं, जिभेच्या टोकावर होतं. त्यांनी मान वर केली आणि त्यांना फरगली दिसला. पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला फरगली, समोरचा एक दात खोटा. पण उस्तांना गल्लीभर चाल लावून गाणारा पोर दिसला. माइकची भीती कधीच गेली होती. ही भीती माइकची नव्हतीच.

“घरचंच काम आहे,” ते म्हणाले. “घरची मंडळी मदत करते.”

“मंडळी म्हणजे?”

“मंडळी.”

रदवा गप्प बसली. तीच तिची गप्प बसण्याची युक्ती. तिला काहीतरी दिसलं होतं. खरं सांगायचं असेल तर तेव्हाच सांगायचं होतं. उस्तांनी हात लांब केला, पेला उचलला आणि पाण्याचा घोट घेतला.

रदवानं पुढचा प्रश्न विचारला.

तो भाग ऐकायला वदीदानं शेजारच्या बायकांना बोलावलं होतं. तांदळाची खीर केली, वर दालचिनी भुरभुरवली, फोन मोठ्या स्पीकरला जोडला. हाझिमही कुवेतहून फोनवर होता. उस्तांनी तिला काहीच सांगितलं नव्हतं. मुलाखत कशी झाली म्हणून तिनं विचारलं तेव्हा ते ‘छान झाली’ म्हणाले होते, आणि ते खोटं नव्हतं. आता ते भिंतीला टेकून बसले, खिरीची वाटी हातात तशीच.

वदीदा दाराजवळ बसली होती. वासाचं आलं, ती मान डोलावत होती. कात्रीचं आलं, बायका खदखदून हसल्या. मग रदवानं पक्ष्यांचं विचारलं आणि वदीदा किंचित पुढं झुकली. तिनं डोक्यावरचा रुमाल सारखा केला, कुणी नाव पुकारल्यावर उठायच्या आधी माणूस करतो तसा.

‘घरची मंडळी मदत करते,’ उस्तांचा आवाज म्हणाला. मग शांतता. मग त्या शांततेत, अगदी स्पष्ट, घोट घेतल्याचा आवाज.

बाकी कुणाला त्यात काही कळलं नाही. मुलाखतीत माणूस पाणी पितोच. वदीदाला मात्र तो घोट ओळखीचा होता, तिनंच शिकवलेला. ती हळूच मागं सरकून बसली आणि भाग संपेपर्यंत जमिनीकडे बघत राहिली.

बायका गेल्यावर ती वाट्या गोळा करू लागली. “फार छान बोललात,” ती म्हणाली. “पाणीसुद्धा बरोबर वेळेवर प्यायलात.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर उस्तांना बरं वाटलं असतं, त्यांनी दोन शब्द परत टाकले असते आणि भांडण होऊन मिटलं असतं. तिनं मनापासून कौतुक केलं, कारण खरोखरच ते छान बोलले होते. उस्तांना ती खीर गिळताही येईना आणि वाटी खाली ठेवताही येईना.

गल्लीत त्यांचं नाव झालं. लांबून लांबून लोक पक्षी घ्यायला यायला लागले. फरगलीनं जुना विनोद टाकून नवा धरला: “उस्तांना काही विचारू नका बरं, ते आता थांबत नाहीत!” उस्ता हसायचे. घरी यायचे आणि वदीदासमोर बसून कागदावर भोकं पाडणारा तिचा हात बघायचे. चुकलं म्हणावं असं रोज वाटायचं. पण कशाबद्दल म्हणणार? तिनं तर तक्रार केलीच नव्हती. माफी मागण्यासाठी तरी आधी ती गोष्ट उच्चारावी लागते, आणि उच्चारायचं म्हटलं की पुन्हा तेच.

मग रदवाचा फोन आला. लोकांना फार आवडलं, रमजान संपला की आणखी एक भाग करू, म्हणाली. उस्तांना हायसं वाटलं, अल्लानं दुसरा कागद हातात दिला असं वाटलं. या वेळी विचारायची वाट बघायची नाही, पहिल्याच वाक्यात नाव घ्यायचं, फरगली असो की त्याचा बाप असो.

“उम्म हाझिम, पुन्हा तयारी करायची,” ते घरी येऊन म्हणाले.

“आता तुम्हाला कशाला तयारी?” ती म्हणाली, पण डाव घेऊन बसली. चष्माही लावला.

तिनं नवे प्रश्न काढले होते, चांगले होते. पोरं हे काम का शिकत नाहीत, यंत्रावर छापलेलं कापड बघून काय वाटतं, पर्यटक घासाघीस कशी करतात. उस्ता शिवत शिवत उत्तरं द्यायचे आणि मनात त्या एका प्रश्नाची वाट बघायचे. तो आला की असं म्हणायचं, मान वर करून म्हणायचं, हे त्यांनी ठरवून ठेवलं होतं.

तो प्रश्न आला नाही. पहिल्या संध्याकाळी नाही, दुसऱ्या संध्याकाळी नाही. पक्ष्यांचं तिनं पुन्हा विचारलंच नाही. सगळं विचारून झालं की ती चष्मा काढून डाव धुवायला जायची.

खरं तर तिनं विचारायची वाट कशाला बघायची? खोलीत दोघंच होते. नुसतं ‘वदीदा’ म्हणून हाक मारली असती तरी पुरलं असतं. पण उस्तांना चांगलं कापड राखून ठेवायची सवय होती. हे नाव रदवासमोर घेऊ, सगळी गल्ली ऐकेल, मग घरी येऊन तिच्याकडे बघू, असा त्यांचा बेत होता. बेत पक्का होता म्हणूनच त्यांना घाई वाटली नाही.

रमजान संपायला आला असताना एका दुपारी उस्ता दुकानातून घरी आले तेव्हा वदीदा कागदावर डोकं टेकून बसली होती. सुई बोटांत तशीच होती. एका पक्ष्याची मान पूर्ण झाली होती, दुसऱ्याची व्हायची होती. उस्तांना वाटलं, उपासानं थकून डोळा लागला असेल. ते दबक्या पावलानं आत गेले, गलाबिया बदलली, आणि परत येऊन बघतात तर ती तशीच.

मशिदीच्या भोंग्यावरून गल्लीला कळवण्यात आलं. उस्ता सिदकींच्या घरची, हाझिमची आई, अल्लाच्या रहमतीत गेली. बस, एवढंच. नाव नव्हतं. सांगणाऱ्याला ते माहीत नव्हतं, आणि विचारावं असं त्यालाही वाटलं नसेल.

हाझिम कुवेतहून मिळेल त्या विमानानं आला. दुसऱ्या दिवशी सकाळी दफन झालं. अख्खी तंबूवाल्यांची गल्ली कबरस्तानात होती. फरगलीनं खांदा दिला, उन्हात त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि तो पुसायलाही त्यानं हात काढला नव्हता. माती लोटून झाली. लोक गोल करून उभे राहिले, आणि कबरीशी बसून मृताला पुकारून शेवटचे शब्द सांगणारे शेख उकिडवे बसले. अनोळखी म्हातारे होते, कबरस्तानातलेच.

“नाव काय?” शेखांनी हळू आवाजात विचारलं.

“उम्म हाझिम,” मागून कुणीतरी म्हणालं.

“तसं नव्हे. तिकडे सवाल विचारायला फरिश्ते येतात, त्यांना मुलांची नावं नको असतात. तिचं स्वतःचं नाव.”

सगळे उस्तांकडे बघायला लागले. उस्तांनी मान वर केली. हात रिकामे होते, त्यांनी ते एकमेकांत धरले. दम घेतला, घाई केली नाही, विचारणाऱ्याच्या डोळ्यांत बघितलं. सगळं तिनं शिकवल्याप्रमाणे केलं.

“वदीदा,” ते म्हणाले.

आवाज जराही कापला नाही. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. समोर फरगली उभा होता. त्यानं ते नाव ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिलं आणि खाली बघितलं.

“आणि तिच्या आईचं?” शेखांनी विचारलं. “पुकारताना आईच्या नावानं पुकारतात.”

उस्तांनी तोंड उघडलं. उशांवर पक्षी काढणारी एक बाई होती, एवढं त्यांना माहीत होतं. ती तरुणपणी गेली होती. तिनं मान वळवून एकमेकांकडे बघणारे पक्षी काढले होते, आणि ते सिदकीचे पक्षी म्हणून गल्लीत विकले गेले होते. तिचं नाव त्यांनी कधी विचारलं नव्हतं. वदीदा सांगायच्या बेतात होती, तेव्हा ते सुईत दोरा ओवत होते.

त्यांनी हाझिमकडे पाहिलं. हाझिमनं मान हलवली.

शेख गप्प बसून राहिले. त्यांना घाई नव्हती. उस्तांचा उजवा हात नकळत बाजूला गेला, पेला शोधायला जातो तसा, आणि तिथं काही नव्हतं म्हणून परत आला.

“माहीत नसलं तरी चालतं,” शेख शेवटी समजुतीनं म्हणाले. असं त्यांनी पुष्कळदा पाहिलं असावं. “अशा वेळी हव्वाच्या नावानं पुकारतात. आपल्या सगळ्यांची आई.”

मग त्यांनी कबरीकडे तोंड केलं आणि खणखणीत आवाजात हाक मारली, “हे वदीदा, हव्वाच्या लेकी!” रीतीप्रमाणे पुन्हा मारली, आणि पुन्हा. गल्लीतल्या एकूण एक माणसानं ती ऐकली.